कुलगुरू महोदय, आमच्या मुलांना बघायला काहीतरी द्या

महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे कुलगुरू, तसेच व्यवस्थापन परिषदांचे आणि अधिसभांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. शिकवायला लागून सतरा-अठरा वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं युवा महोत्सवाचा संघ घेऊन जाण्याचं काम माझ्याकडे आहे. नाटकाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पण मुलांबरोबर तालमीला बसायला मला आवडतं, आणि दरवर्षी पावसाळ्यात वर्ग सुटल्यावर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची टेबलं बाजूला सारून आम्ही एकांकिका बसवतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. महोत्सवात आमची एकांकिका झाली. वेळ संपल्याची घंटा व्हायच्या आत पडदा पडला म्हणून मुलं खूश होती. नेपथ्य उचलून टेम्पोत टाकलं, तोंडं धुतली आणि सगळे झाडाखाली डबे उघडून बसले. आत दुसऱ्या महाविद्यालयाचं नाटक चालू होतं. मी म्हणाले, जेवण नंतर करा, आत चला, बघा. दोघं-तिघं आले. बाकीच्यांचं म्हणणं होतं की शेवटची एसटी साडेसहाला आहे, आणि ते खरंच होतं. परीक्षकांनी आमच्या नायिकेबद्दल एक वाक्य सांगितलं होतं : अभिनय नाटकी झाला. परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘मॅडम, नाटकी नसलेला अभिनय कसा असतो? मी आपलं सोडून दुसरं नाटकच पाहिलेलं नाही.’’

दुसऱ्या वर्षाला असलेली, वीस वर्षांची, हुशार मुलगी. तीन वर्षांत तीन वेळा स्पर्धेत उतरणार होती, आणि तोवर एकही नाटक प्रेक्षकांत बसून पूर्ण पाहिलेलं नव्हतं. संघातल्या बाकीच्यांना विचारलं तर बहुतेकांचं तेच. गाण्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाने बैठकीचं गाणं समोर बसून ऐकलेलं नव्हतं. नृत्याच्या गटातल्या मुलींनी फक्त मोबाइलवर नाच पाहिला होता.

हे पत्र त्या गाडीतल्या प्रश्नामुळे लिहिते आहे. आपल्या विद्यापीठांमध्ये स्पर्धा आहेत, महोत्सव आहेत, करंडक आहेत. हंगाम नाही. म्हणजे असं काहीही नाही की विद्यापीठ स्वतः वर्षभराचं वेळापत्रक ठरवेल, कलावंतांना मानधन देऊन बोलावेल, रीतसर तिकीट लावेल आणि गावाला व विद्यार्थ्यांना सांगेल की या, बसा, बघा, ऐका. आपण मुलांना स्पर्धक करतो, प्रेक्षक मात्र कधीच करत नाही. ज्याने काही पाहिलेलंच नाही तो तीस मिनिटांत काय दाखवणार? गेल्या वर्षी बक्षीस मिळालेल्या एकांकिकेसारखंच काहीतरी. तेच होतं आहे.

असा हंगाम कसा असतो हे मी पाहिलेलं आहे, म्हणून मागते आहे.

२००० नंतर काही वर्षं मी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात संशोधन करत होते. आयोवा सिटी हे गाव लहान आहे, आजही लोकवस्ती जेमतेम पाऊण लाखाची. चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची शेतं. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परकं नसावं : तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात होते. त्या गावात नदीकाठी विद्यापीठाचं स्वतःचं नाट्यगृह आहे, हँचर. १९७२ साली सुरू झालेलं. जगातले नामवंत तिथे येत, पण हँचरचं मोठेपण मला त्याहून दुसऱ्या गोष्टीत वाटत आलं. जे अजून कुठेच झालेलं नाही, ते घडवण्यासाठी ते पैसे आणि जागा देत. १९९३ साली जॉफ्री बॅले या नृत्यकंपनीने प्रिन्स या गायकाच्या पॉप गाण्यांवर रचलेलं बॅले पहिल्यांदा तिथे उभं राहिलं. बॅले म्हणजे हंसांचे पांढरे पोशाख, असं मनात घट्ट बसलेल्या प्रेक्षकांसमोर. हे धाडस पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि माझ्या वाट्याला त्यातली एक संध्याकाळ आली.

ऑक्टोबर २००२. आमच्या विभागात डॉन गर्नेट नावाचे प्राध्यापक होते. व्हॉयेजर आणि इतर अवकाशयानांवर प्लाझ्मातल्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतल्या, लहरी मोजणारी उपकरणं त्यांच्या गटाने बनवली होती. त्या लहरी म्हणजे आवाज नव्हे, पण त्यांची वारंवारिता माणसाच्या कानाच्या टप्प्यातली असते, त्यामुळे मिळालेला संकेत सरळ स्पीकरला जोडला की अवकाश ऐकू येतं. गर्नेट कितीतरी वर्षं ते आवाज जपत होते. नासाच्या कला-विभागाच्या मनात आलं की ह्याचं संगीत व्हावं. क्रोनोस क्वार्टेट हे चार तंतुवादकांचं पथक आणि टेरी रायली हे संगीतकार यांच्याकडे ते काम गेलं, हँचरने त्यात वाटा उचलला, आणि ‘सन रिंग्ज’ ही रचना पहिल्यांदा आमच्या गावात वाजली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, मागे गायकवृंद, पडद्यावर ग्रहांची चित्रं, आणि त्यातून मधूनमधून येणारे ते अवकाशातले आवाज.

मी विद्यार्थ्यांच्या सवलतीचं तिकीट काढून वरच्या मजल्यावर बसले होते. एक आवाज मला ओळखू आला. वीज चमकली की सगळ्या वारंवारितेच्या लहरी एकदमच निघतात, पण प्लाझ्मातून लांबचा प्रवास करताना उंच लहरी आधी पोचतात, खालच्या मागून. म्हणून कानाला तो वरून खाली घसरत येणारा एकच लांब स्वर वाटतो. आमच्या भाषेत त्याला व्हिसलर म्हणतात. तोवर माझ्यासाठी ती आलेखावरची एक वाकडी रेघ होती. त्या रात्री पहिल्यांदा ती मला तार षड्जावरून सावकाश उतरत आलेल्या मींडेसारखी ऐकू आली, आणि खाली चेलो जणू तिला हात देत होता. मी लहानपणी आजोबांच्या रेडिओवर ऐकलेलं गाणं आणि माझा अभ्यासाचा विषय या दोन गोष्टी माझ्या डोक्यात तोपर्यंत एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. त्या रात्री बोलल्या.

नंतर मला कळलं की टेरी रायली हे १९७० पासून पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकले होते. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेत राहिले, त्याच घराण्याची एक वाट कॅलिफोर्नियातून फिरून आयोवातल्या त्या मंचावर आली होती. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हे गाणं मला सगळं समजलेलं नाही. ते आजही पूर्ण समजलेलं नाही. पण मी मुलांना लहरी शिकवते तेव्हा प्रत्येक वर्षी तो आवाज वर्गात वाजवते, आणि पन्नास मुलं एकदम शांत होतात.

ह्या एका संध्याकाळसाठी काय काय लागलं असेल, हे मी नंतर वारंवार मनात मोजलं. शास्त्रज्ञाला कलावंतापर्यंत पोचवणारं कुणीतरी. ती रचना कशी होईल हे माहीत नसताना तिच्यामागे उभं राहणारं नाट्यगृह. आणि ज्याचं नावही कधी ऐकलेलं नाही अशा कार्यक्रमाला तिकीट काढून येणारं गाव. ते गाव आपोआप तयार झालेलं नव्हतं. तीस वर्षं दर हंगामाला त्यांना काहीतरी अनोळखी दाखवलं गेलं होतं. काही त्यांना आवडलं नसेल, काहींच्या मध्यंतरात लोक उठूनही गेले असतील. पण पुढच्या महिन्याचं पत्रक घरात पडलेलं असे आणि माणसं ते वाचत.

जून २००८ मध्ये नदीला महापूर आला आणि हँचरचं नाट्यगृह निकामी झालं. मी तेव्हा भारतात परतले होते. बातमी वाचून मला वाटलं, संपलं. पण हंगाम थांबला नाही. गावातलं जुनं इंग्लर्ट थिएटर, शाळांची सभागृहं, जिथे जागा मिळेल तिथे त्यांनी प्रयोग लावले. नवी इमारत उघडली सप्टेंबर २०१६ मध्ये. आठ वर्षं हँचरला स्वतःची इमारतच नव्हती, तरी त्याचा हंगाम चालू होता. आपल्याकडे नेमकं उलटं चित्र मला दिसतं. सभागृहं आहेत, वातानुकूलित आहेत, हंगाम नाही. एका सभागृहात मी मुलांना घेऊन गेले तेव्हा मंचाच्या मधोमध भाषणाचं डेस्क स्क्रूने पक्कं बसवलेलं होतं, विंगेत जुने फ्लेक्स रचलेले होते, आणि प्रकाशासाठी ट्यूबलाइट चालू किंवा बंद, एवढेच दोन पर्याय होते. ते सभागृह बांधताना तिथे दीक्षान्त समारंभ होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाटक होईल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

मी परदेशाचं उदाहरण दिलं म्हणून गैरसमज नको. हे आपल्याला नवं नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांकडून बडोद्यात गायनशाळा सुरू करवली, तीच पुढे बडोद्याच्या विद्यापीठाचा भाग झाली. राजाने संगीताला शाळेची शिस्त आणि शाळेचा पैसा दिला. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जे चालवलं, तो तर खराखुरा हंगामच होता : न चालणारी, न परवडणारी, कुणी हात न लावणारी नाटकं, आणि ती बघायला जिने चढून येणारी माणसं. तिथे विद्यापीठ नव्हतं, शाळेने जागा दिली आणि रंगकर्मींनी पदरमोड केली. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झालं, १९९६ पासून काही वर्षं नाटककार सतीश आळेकर त्याचे प्रमुख होते. ते मूळचे जीवरसायनशास्त्राचे. विज्ञानाचा माणूस विद्यापीठात नाटकाचं घर चालवू शकतो, हे आपण आपल्याच डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मुंबईत, छत्रपती संभाजीनगरला, कोल्हापूरला नाट्यशास्त्राचे, संगीताचे विभाग आहेत. ह्या विभागांनी शिकवण्याचं काम केलं. मी मागते आहे ते दुसरं काम : त्या विभागात न शिकणाऱ्या, वाणिज्य आणि कृषी आणि फार्मसी शिकणाऱ्या मुलांसाठी, आणि विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरच्या गावासाठी.

स्पर्धांच्या विरुद्ध मी नाही. राज्य नाट्यस्पर्धा नसती तर १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’सारखं नाटक इतक्या सहज उभं राहिलं नसतं. पण त्या मंडळींनी पाहिलेलं किती होतं! तमाशा, कीर्तन, संगीत नाटक, परदेशी चित्रपट. त्यातून त्यांना सुचलं. रिकाम्या डोळ्यांना सुचत नाही.

मग हंगामात काय असावं? हा प्रश्न आला की मी खरी रमते. आधी साहसी म्हणजे परदेशी, किंवा साहसी म्हणजे न समजणारं, ही समजूत बाजूला ठेवू या. सिंधुदुर्गातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, रंगपटात बसून कुणी काय करायचं ते बोलून घेतात, आणि मंचावर गेल्यावर देव-दैत्य आपले संवाद तिथल्या तिथे बोलतात. ह्याच्याइतकं धाडसाचं नाटक दुसरं कुठलं आहे? मुंबई-पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलाने ते रात्रभर बसून पाहावं आणि सकाळी त्या कलावंतांना विचारावं की सुचतं कसं. उलट सिंधुदुर्गातल्या मुलीने ध्रुपद ऐकावं, आधुनिक नृत्य पाहावं. नृत्यरचनाकार चंद्रलेखा महाराष्ट्रातल्या वाडा या गावी जन्मल्या. भरतनाट्यम्, कळरिपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग एकत्र आणून त्यांनी देहाची जी भाषा घडवली ती जगभर पाहिली गेली. त्यांच्या जन्मगावाच्या आसपासच्या महाविद्यालयांत किती मुलींनी त्यांचं नाव ऐकलं असेल?

आणि झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात दिवाळीनंतर नाटकांचा जो हंगाम सुरू होतो, तो विद्यापीठांनी वही-पेन घेऊन शिकायला जावं असा आहे. वडशाला कंपन्यांची कार्यालयं, गावोगाव मंडप, थंडीत शाल पांघरून रात्रभर बसलेली माणसं, आणि तिकीट काढून बसलेली. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचं तिकडे थोडं लक्ष गेलं. गोंडवाना विद्यापीठ त्याच मातीत उभं आहे. ते उद्या ठरवेल तर झाडीपट्टीच्या एका कंपनीला आणि एका प्रायोगिक दिग्दर्शकाला एकत्र बसवून नवं नाटक घडवू शकेल, आणि त्याला प्रेक्षक शोधायला कुठे जावं लागणार नाही. प्रेक्षक तयार बसलेले आहेत. लोक येणार नाहीत असं जे मला नेहमी ऐकवतात, त्यांनी एकदा डिसेंबरात तिकडे जाऊन यावं.

कलावंत आला, प्रयोग केला, शाल-श्रीफळ घेऊन गाडीत बसला, असं मात्र नको. तो दोन-तीन दिवस राहावा. त्याने तालीम उघडी ठेवावी, मुलांनी कोपऱ्यात बसून बघावी. प्रकाशयोजनाकाराने पदार्थविज्ञानाच्या वर्गात येऊन सांगावं की एका दिव्याने चेहरा सपाट का होतो आणि दोन दिव्यांनी त्याला खोली कशी येते. माझा वर्ग मी आत्ताच देऊ करते.

पैशाबद्दल. प्रवेशाच्या वेळी मुलांकडून सांस्कृतिक उपक्रमांच्या नावाने शुल्क घेतलं जातंच. त्याचा मोठा भाग एका महोत्सवाच्या दोन-तीन दिवसांत मंडप, ध्वनी, जेवणावळ आणि चषकांवर जातो. वर्षाला आठ प्रयोग, तेही साधे, ही मागणी मोठी नाही. तिकीट असावं. विद्यार्थ्याला वडापावच्या किमतीत मिळावं, पण असावं, कारण फुकटच्या कार्यक्रमाला मागच्या दाराने उठून जाण्याची सवय आपणच लावली आहे. आणि कृपा करून ह्या पाहण्याला श्रेयांक जोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणात सह-अभ्यासक्रमाला जागा आहे हे मला माहीत आहे, तरीही. उपस्थितीच्या सहीसाठी आलेली मुलं सही करून जातात. ज्याला यावंसं वाटेल तो येईल. पहिल्या वर्षी तीस जण येतील. मला ते तीस चालतील.

भीतीबद्दलही लिहिलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ललित कला केंद्रातल्या विद्यार्थ्यांचा एक प्रयोग बंद पाडण्यात आला. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गोष्टीवरचा तो प्रयोग होता. विभागप्रमुख आणि विद्यार्थी यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. त्या प्रयोगाबद्दल आपलं मत काहीही असो. मी त्या आठवड्यात आमच्या तालमीत गेले तर मुलांनी स्वतःहून संहितेतली चार वाक्यं खोडली होती. त्यांत कुणाला दुखावणारं काही नव्हतं. मी विचारलं, का? म्हणाले, उगाच कशाला. ‘उगाच कशाला’ म्हणणारी वीस वर्षांची मुलं पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही. हंगाम चालवायचा तर विद्यापीठाला आधी हे लेखी ठरवावं लागेल की आम्ही बोलावलेल्या कलावंताच्या आणि आमच्या विद्यार्थ्याच्या पाठीशी आम्ही उभे राहू. ज्याला पटलं नाही त्याच्यासाठी प्रयोगानंतर खुर्च्या मांडून चर्चा ठेवू, त्याचं म्हणणं पूर्ण ऐकू. प्रयोग मात्र शेवटपर्यंत होईल. हे वाक्य कुलगुरूंच्या सहीने असेल तर माझ्या मुलांची ती चार वाक्यं परत येतील.

शेवटी सगळ्यात साधी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट : एसटी. विद्यापीठाच्या मुख्य आवारात आठ वाजता प्रयोग ठेवला तर तालुक्याची मुलगी तो बघूच शकत नाही. शेवटची गाडी गेलेली असते, आणि घरचे विचारतात की रात्री कुठे राहणार. म्हणून दर प्रयोगामागे दोन बसगाड्या आणि मुलींसाठी वसतिगृहात एका रात्रीची सोय, हे अंदाजपत्रकात मानधनाच्याही आधी लिहा. नाहीतर अर्धे प्रयोग फिरते ठेवा, महिन्यातून एक तालुक्याला. आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची टेबलं आम्ही हलवतो. शंभर माणसं बसतात, मी मोजलेली आहेत.

मार्चमध्ये अधिसभेपुढे अंदाजपत्रक येईल. त्यात एक नवं शीर्षक उघडा. पहिल्या वर्षी आठ जमले नाहीत तर चार प्रयोग करा.

त्या मुलीचं शिक्षण संपलं. आता ती शेजारच्या गावात शिकवण्या घेते. यंदा तिची धाकटी बहीण आमच्या संघात आली आहे. आषाढीनंतर तालमी सुरू होतील.

आपली विश्वासू,
एका तालुक्याच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राची प्राध्यापिका